गार्नेट कुठे गेले? बुल्टफाँटेनच्या पेरिडोटाइट खडकांचे प्रकरण

दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली शहराच्या कडेला असलेली बुल्टफाँटेन ही हिऱ्यांची खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि २००५ साली बंद झाली. हिरे काढून घेतल्यावर उरलेला खडक कित्येक दशके खाणीबाहेरच्या ढिगांवर पडत राहिला. बोशॉफ रस्त्यालगतच्या या ढिगांमध्ये प्रावरणाच्या अभ्यासकांना जे खडक मिळाले, त्यांच्या तोडीचा संच जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो. हिरे वर आणणारा किंबरलाइट हा शिलारस सुमारे ८.४ कोटी वर्षांपूर्वी इथे पृष्ठभागापर्यंत आला आणि येताना वाटेतील खडकांचे तुकडे उपटून घेऊन आला. असे परके तुकडे म्हणजे झेनोलिथ. त्यांतील बरेचसे साधारण १०० ते १५० किलोमीटर खोलीवरून, जिथे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते तिथून आलेले आहेत. कोणतीही विंधण विहीर त्या खोलीच्या जवळपासही पोचलेली नाही, त्यामुळे तिथल्या खनिजांना काय झाले हे हातात धरून पाहण्याचा झेनोलिथ हाच मुख्य मार्ग उरतो.

बुल्टफाँटेनचे पेरिडोटाइटाचे, म्हणजे मुख्यतः ऑलिव्हीनने बनलेल्या प्रावरणातील खडकाचे, अनेक तुकडे फोडल्यावर त्यांत सोनेरी तपकिरी अभ्रक दिसते, आणि हे प्रकरण तिथूनच सुरू होते, कारण या खडकात अभ्रक असायला नको होते.

ते का असायला नको, हे कळण्यासाठी खडकाचा मूळ इतिहास पाहावा लागतो. किंबर्लीखालचे शिलावरण हा कापव्हाल क्रॅटॉनचा, म्हणजे आफ्रिका खंडाच्या एका अतिप्राचीन आणि स्थिर गाभ्याचा, तळाकडचा भाग आहे. सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वी या प्रावरणाचा मोठा हिस्सा वितळला, वितळलेला भाग निघून गेला आणि मागे एक निःसत्त्व खडक उरला. त्यात मुख्यतः ऑलिव्हीन आणि ऑर्थोपायरोक्सीन ही मॅग्नेशियमयुक्त खनिजे असतात. त्यातील ऑलिव्हीन इतके मॅग्नेशियमसमृद्ध असते की लोह आणि मॅग्नेशियमच्या एकूण अणूंपैकी ९२ ते ९३ टक्के मॅग्नेशियमचे भरतात. वितळताना कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम आणि पाणी हे सारे शिलारसाबरोबर जाते. मागे राहिलेल्या या खडकात, म्हणजे हार्झबर्गाइटात, पोटॅशियम नाममात्रच उरते. उलट फ्लोगोपाइट या अभ्रकात सुमारे १० टक्के पोटॅशियम ऑक्साइड आणि सुमारे ४ टक्के पाणी असते. तेव्हा अशा खडकात अभ्रक दिसले, की त्याचे घटक नंतर बाहेरून आले हा निष्कर्ष टाळता येत नाही. बाहेरून आलेल्या द्रायूने (वाहत्या, पाणीदार द्रव्याने) किंवा शिलारसाने घन खडकाचे रासायनिक संघटन बदलणे यालाच मेटासोमॅटिझम म्हणतात.

केप टाउन विद्यापीठातील ए. जे. अरलँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली किंबर्लीच्या झेनोलिथांची एक मालिका मांडली, आणि आजही या विषयावरील बहुतेक चर्चा तिच्यापासूनच सुरू होते. मालिकेच्या एका टोकाला साधे गार्नेट पेरिडोटाइट आहे: ऑलिव्हीन, ऑर्थोपायरोक्सीन, थोडे हिरवे डायोप्साइड आणि जांभळट लाल गार्नेट. त्यापुढे गार्नेट-फ्लोगोपाइट पेरिडोटाइट येते. यात गार्नेटच्या कणांभोवती अभ्रकाचे कडे असते आणि गार्नेट आतल्या बाजूला आक्रसलेले असते. नंतर फ्लोगोपाइट पेरिडोटाइट, ज्यात गार्नेट संपलेले असते आणि त्याच्या जागी अभ्रक, डायोप्साइड आणि क्रोमियमयुक्त स्पिनेल यांचा पुंजका उरलेला असतो. मालिकेच्या दुसऱ्या टोकाला फ्लोगोपाइट आणि पोटॅशियम-रिक्टेराइट असे दोन्ही असलेले पेरिडोटाइट येते. रिक्टेराइट हे ॲम्फिबोल कुळातील खनिज आहे, आणि इथल्या नमुन्यांत त्याच्या स्फटिकातील एक जागा सोडियमऐवजी पोटॅशियमने व्यापलेली आहे. या मालिकेकडे पाहताना गार्नेट टप्प्याटप्प्याने खाल्ले जात असल्याचे दिसते, आणि त्या अर्थाने ती प्रभावी आहे.

अभ्रक तयार होण्यासाठी लागणारे ॲल्युमिनियम मुख्यतः गार्नेटमधून मिळते, आणि म्हणूनच अभ्रकाचे कडे गार्नेटभोवतीच बसलेले असते, ऑलिव्हीनभोवती नाही. गार्नेटमधील कॅल्शियम डायोप्साइडमध्ये जाते. क्रोमियम अभ्रकात थोडेच मावते, म्हणून उरलेले स्पिनेल म्हणून बाहेर पडते. पोटॅशियम आणि पाणी मात्र आत येणाऱ्या द्रव्याने आणावे लागते. म्हणजे एकाच पुंजक्यात स्थानिक घटक आणि आयात घटक दोन्ही असतात, आणि त्यांचा वेगवेगळा हिशेब मांडता येतो.

या हिशेबाचा मुख्य आकडा वाचकाने स्वतः मांडून पाहण्यासारखा आहे. १०० किलो खडकात ५ किलो फ्लोगोपाइट तयार झाले, तर त्यासाठी साधारण अर्धा किलो पोटॅशियम ऑक्साइड आणि २०० ग्रॅम पाणी बाहेरून यावे लागते. समजा, येणाऱ्या शिलारसात ४ टक्के पोटॅशियम ऑक्साइड होते आणि खडकाने ते सगळे शोषून घेतले. तरी त्या १०० किलो खडकाला साडेबारा किलो शिलारसाचा संपर्क यायला हवा. एवढा शिलारस खडकात एका वेळी साचून राहिला आणि तिथेच गोठला असता, तर खडकाचे बाकीचे संघटनही ओळखू न येण्याइतके बदलले असते. पण अशा नमुन्यांतील ऑलिव्हीनचे मॅग्नेशियम-प्रमाण बहुधा उंचच राहिलेले आढळते. माझ्या मते यातून निघणारे सर्वांत मोलाचे अनुमान असे, की हे द्रव्य खडकातून पाझरत पुढे गेले. ते मुख्यतः कणांच्या सीमांवरून सरकले आणि जाता जाता पोटॅशियम, पाणी आणि काही लेश मूलद्रव्ये मागे ठेवून गेले. मेटासोमॅटिझम समजून घेताना एका वेळी किती द्रव्य होते यापेक्षा एकूण किती द्रव्य आरपार गेले, हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

पोटॅशियम-रिक्टेराइट मालिकेच्या अखेरीसच का दिसते, याला रासायनिक कारण आहे. फ्लोगोपाइटात पोटॅशियमच्या प्रत्येक अणूमागे ॲल्युमिनियमचा साधारण एक अणू लागतो. जोपर्यंत गार्नेट शिल्लक आहे, तोपर्यंत ॲल्युमिनियमचा पुरवठा चालू असतो आणि आलेले पोटॅशियम अभ्रकात जाते. गार्नेट संपले आणि तरीही पोटॅशियम व सोडियम येतच राहिले, की एक क्षण असा येतो जेव्हा या अल्कली मूलद्रव्यांचे अणू ॲल्युमिनियमच्या अणूंहून जास्त होतात. त्यानंतर त्यांना सामावून घेण्यासाठी जवळजवळ ॲल्युमिनियम नसलेले खनिज लागते, आणि पोटॅशियम-रिक्टेराइट तसेच आहे. उच्च दाबाच्या प्रयोगशाळांतील प्रयोगांनीही हे खनिज अशा अल्कलीबहुल संघटनात टिकते असे दाखवले. शिवाय नेहमीचे पार्गासाइट ॲम्फिबोल साधारण ३ गिगॅपास्कल दाबाच्या वर टिकत नाही, तर हे ॲम्फिबोल ८ गिगॅपास्कलच्या पलीकडेही टिकू शकते. त्यामुळे इतक्या खोलीवर ॲम्फिबोल कसे, असा जो आक्षेप घेतला जाऊ शकतो, तो या खनिजाला लागू होत नाही.

याच खडकांत लिंडस्लेआइट आणि मथायसाइट ही दोन दुर्मीळ खनिजेही सापडली. १९८३ साली त्यांचे रीतसर वर्णन झाले, आणि त्यांपैकी मथायसाइटला केप टाउनच्या खनिजशास्त्रज्ञ मॉर्ना मथायस यांचे नाव दिले गेले. ही टायटॅनियमची गुंतागुंतीची ऑक्साइडे असून त्यांत बेरियम, पोटॅशियम, स्ट्राँशियम, झिर्कोनियम आणि विरल मृदा मूलद्रव्ये एकवटलेली असतात, म्हणजे नेमकी तीच मूलद्रव्ये जी ऑलिव्हीनला नको असतात. झेनोलिथात त्यांचे प्रमाण क्षुल्लक असते, पण बेरियम किंवा झिर्कोनियमचा ताळेबंद मांडताना ती वगळली तर उत्तर चुकते. पुढे येणाऱ्या वयाच्या प्रश्नातही त्यांची साक्ष महत्त्वाची आहे.

आता बाजू बदलून पाहू. किंबर्लीच्या ढिगांत आणखी एक विलक्षण खडक मिळतो, जो जवळजवळ संपूर्णपणे अभ्रक, ॲम्फिबोल, रूटाइल, इल्मेनाइट आणि डायोप्साइड यांचा बनलेला असतो. १९७७ साली जे. बी. डॉसन आणि जे. व्ही. स्मिथ यांनी या खनिजांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला मॅरिड असे नाव दिले. मॅरिडमधील खनिजे आणि रिक्टेराइटयुक्त पेरिडोटाइटातील नवी खनिजे एकमेकांच्या जवळची आहेत. त्यामुळे एक साधे आणि माझ्या दृष्टीने पटणारे चित्र तयार होते: पोटॅशियमसमृद्ध शिलारस भेगांमधून शिरला, भेगांमध्ये मॅरिड स्फटिकीभूत झाले, आणि त्या शिलारसातून निसटलेल्या पाणीदार द्रव्याने भेगांच्या भिंतींतील पेरिडोटाइट बदलून टाकले. मालिकेतील टप्पे तेव्हा केवळ काळाचे नसून भेगेपासूनच्या अंतराचेही असू शकतात. भेगेला चिकटून रिक्टेराइट, थोडे दूर केवळ अभ्रक, त्याहून दूर अभ्रकाचे कडे असलेले गार्नेट, आणि पार दूर अबाधित गार्नेट. अरलँक यांची मालिका वाचताना नवशिक्या अभ्यासकाकडून हाच फरक निसटतो. अभिक्रियेचा क्रम आणि घटनांचा क्रम एकच असेल असे नाही. चारही अवस्था एकाच दिवशी, एकाच मीटरभर खडकात शेजारी शेजारी तयार होऊ शकतात.

मॅरिडशी साम्य असलेला पण रिक्टेराइट नसलेला, फ्लोगोपाइट, इल्मेनाइट आणि क्लायनोपायरोक्सीन यांचा दुसरा खडकगट २००२ साली वेगळा काढण्यात आला. त्याचे नाते बुल्टफाँटेनसारख्या किंबरलाइटांशी, तर मॅरिडचे नाते आफ्रिकेतील त्याआधीच्या, अधिक अभ्रकयुक्त अशा ऑरेंजाइट शिलारसांशी आहे असे मानले जाते. याचा अर्थ किंबर्लीखाली किमान दोन वेगळ्या स्वभावाची द्रव्ये काम करत होती.

हे द्रव्य शिलारस होते की पाणीदार द्रायू, यावर बराच वाद झाला आहे. उथळ जागी हा भेद स्पष्ट असतो. शिलारसात सिलिकेट फार आणि पाणी थोडे, द्रायूत पाणी फार आणि विरघळलेले खडकद्रव्य थोडे. पण दाब वाढत गेला की पाण्यात सिलिकेट अधिकाधिक विरघळते आणि शिलारसात पाणी अधिकाधिक मावते. शेवटी एका दाबापलीकडे या दोहोंत फरक करता येत नाही. पेरिडोटाइट आणि पाणी यांच्या बाबतीत ही सीमा सुमारे ३.८ गिगॅपास्कलपाशी आहे, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. म्हणजे साधारण १२० किलोमीटर खोली. बुल्टफाँटेनचे बरेच गार्नेट पेरिडोटाइट याच सीमेच्या आसपासचे किंवा तिच्या खालचे आहेत. त्यामुळे त्यांच्याबाबत ‘द्रायू की शिलारस’ असा दोन टोकांचा प्रश्न विचारण्यापेक्षा, त्या द्रव्यात पाणी, कार्बोनेट, मीठ आणि सिलिकेट किती होते असे विचारणे योग्य. याचे प्रत्यक्ष नमुनेही आहेत. तंतुमय हिऱ्यांमध्ये अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात प्रावरणातील द्रव्य अडकलेले असते. किंबर्लीच्या प्रदेशातीलच कॉफीफाँटेन खाणीच्या हिऱ्यांत पोटॅशियम क्लोराइडने समृद्ध, अतिशय खारट द्रव्य सापडल्याचे २००१ साली प्रसिद्ध झाले. पोटॅशियम इतक्या सहजपणे वाहून नेणारे द्रव्य या शिलावरणात खरोखर होते, याचा याहून थेट पुरावा मागता येणार नाही.

अभ्रक दिसत नाही म्हणून खडक अस्पर्शित आहे असेही नाही. डॉसन यांनी १९८४ मध्ये उघड आणि गुप्त मेटासोमॅटिझम असा भेद केला: उघड प्रकारात नवी खनिजे दिसतात, गुप्त प्रकारात जुन्याच खनिजांची रासायनिक घडण बदलते. किंबर्लीच्या गार्नेटात हा गुप्त बदल विरल मृदा मूलद्रव्यांवरून वाचता येतो. काही हार्झबर्गाइटांतील गार्नेटमध्ये या मूलद्रव्यांचा आलेख नागमोडी असतो: नियोडायमियम-समारियमपाशी शिखर, एर्बियमच्या आसपास दरी, आणि पुन्हा चढ. लर्झोलाइटांतील, म्हणजे डायोप्साइडही असलेल्या पेरिडोटाइटांतील, गार्नेटमध्ये मात्र हलक्या मूलद्रव्यांपासून जड मूलद्रव्यांकडे आलेख चढतो आणि सपाट होतो. नागमोडी आलेख हे हलकी मूलद्रव्ये आणणाऱ्या, पण टायटॅनियम आणि इट्रियम फारसे न आणणाऱ्या द्रव्याचे लक्षण मानले जाते. दुसऱ्या प्रकारातून सिलिकेट शिलारसाचा प्रभाव दिसतो. २००० नंतरच्या अभ्यासांनी याच्याही पुढे जाऊन असे दाखवले, की कापव्हालच्या कित्येक लर्झोलाइटांतील डायोप्साइड, आणि गार्नेटचाही काही भाग, मुळात तिथे नव्हताच. तो नंतरच्या शिलारसाने घडवला. ही खनिजे पेरिडोटाइटात विजोड वाटत नाहीत, म्हणून हा बदल वर्षानुवर्षे लक्षात आला नाही. ज्या गार्नेटच्या नाशावर हे प्रकरण उभे आहे, त्यातले काही स्वतःच आधीच्या एखाद्या मेटासोमॅटिझमची उत्पत्ती असू शकते. या प्रकरणातील ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

पुरावा वाचताना दोन फसवी रूपे वेगळी काढावीच लागतात. पहिले म्हणजे केलिफाइट. झेनोलिथ वर येताना दाब झपाट्याने उतरतो आणि गार्नेटच्या कडेला स्पिनेल, पायरोक्सीन आणि कधी अभ्रक यांचा अतिसूक्ष्म कणांचा थर तयार होतो. हे कडे खोलवर घडलेल्या अभ्रकाच्या कड्यासारखे दिसते, पण ते उद्रेकाच्या अल्पकाळातले असते. भिंगाखाली कणांचा आकार पाहिल्यावर आणि अभ्रकाचे संघटन मोजल्यावर हा फरक बहुधा कळतो, कारण खोलवरचे अभ्रक मोठ्या पत्र्यांचे, एकसारख्या संघटनाचे आणि शेजारच्या खनिजांशी समतोलात असते. दुसरे रूप म्हणजे खुद्द किंबरलाइटाचे दूषण. झेनोलिथाच्या भेगांत किंबरलाइट शिरतो, आणि संपूर्ण खडकाचे विश्लेषण केले तर त्याची पोटॅशियम, बेरियम आणि विरल मृदा मूलद्रव्ये मेटासोमॅटिझमच्या खात्यात जमा होतात. म्हणून खडकाची पूड करून मिळालेल्या आकड्यांपेक्षा एकेका खनिजकणावर केलेले मापन अधिक विश्वासार्ह मानावे, असे मला वाटते.

हे सारे केव्हा घडले? मॅरिडमधील आणि बदललेल्या पेरिडोटाइटातील झिर्कॉन या खनिजाची युरेनियम-शिसे पद्धतीने काढलेली वये, १९९२ पासूनच्या अभ्यासांनुसार, मुख्यतः क्रिटेशस काळातील आणि किंबरलाइटाच्या उद्रेकाच्या जवळची आली. त्यावरून मेटासोमॅटिझम आणि उद्रेक ही एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, आणि आधी आलेल्या शिलारसांनी वाट पूर्वसंस्कारित केली, असे मत पुढे आले. पण २०१४ मध्ये बुल्टफाँटेनच्याच झेनोलिथांतील लिंडस्लेआइट-मथायसाइट गटाच्या खनिजांची वये सुमारे १८ ते १९ कोटी वर्षे निघाली. चूक-मर्यादा मोठी असूनही ती उद्रेकाच्या वयापासून स्पष्टपणे दूर आहेत, आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातील सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वीच्या कारू बेसाल्टांच्या महाउद्रेकाशी जुळतात. हजार अंशांच्या आसपास शिसे झिर्कॉनमधून निसटू शकते, त्यामुळे झिर्कॉनचे तरुण वय हे खनिज तयार झाल्याचे नसून खडक थंड झाल्याचे असण्याची शक्यता राहते. याउलट, टायटॅनियमच्या ऑक्साइडांनी इतक्या उष्णतेत दहा कोटी वर्षे शिसे धरून ठेवले असेल का, हाही रास्त प्रश्न आहे. दोन्ही बाजू पाहता मला अधिक संभाव्य वाटते ते असे, की कारूच्या वेळी एक फेरी झाली, ऑरेंजाइटांच्या वेळी म्हणजे साधारण ११ ते १२.५ कोटी वर्षांपूर्वी दुसरी, आणि किंबरलाइटाच्या सुमारास आणखी एक.

या तिन्ही फेऱ्यांच्या कितीतरी आधीचा पुरावाही त्याच परिसरात आहे. किंबर्ली आणि फिन्श इथल्या खाणींतील हिऱ्यांत बंदिस्त झालेल्या गार्नेटचे वय १९८४ साली ३२० ते ३३० कोटी वर्षे असे निघाले, आणि त्यांच्या समस्थानिकांवरून हिरा घडण्याआधीच तो खडक बाहेरून आलेल्या मूलद्रव्यांनी समृद्ध झालेला होता असे दिसले.

महाउद्रेक आणि शिलावरणातील पोटॅशियमची ही सांगड मराठी वाचकाला परकी वाटू नये. छत्तीसगडमधील मैनपूर भागातील बेहराडीह हा हिरेधारक खडक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या दख्खनच्या बेसाल्टांच्या काळातला असल्याचे २०१० मध्ये दाखवले गेले, आणि तो ऑरेंजाइटाशी साधर्म्य असलेला मानला जातो.

खाणकामाच्या दृष्टीने या प्रकरणाचा परिणाम गार्नेटच्या संघटनावर येऊन थांबतो. हिऱ्यांचा शोध घेताना नदीच्या गाळातून क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी असलेली गार्नेट शोधतात, कारण ती हिरे असलेल्या हार्झबर्गाइटाकडे बोट दाखवतात. शिलारसाने या गार्नेटमध्ये कॅल्शियम आणि टायटॅनियम भरले, की तीच गार्नेट लर्झोलाइटाची वाटू लागतात. शिवाय किंबर्लीच्या गार्नेटमधील त्रिसंयुजी लोहाच्या मापनांवर आधारलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेटासोमॅटिझमबरोबर शिलावरणाचे ऑक्सिडीकरण वाढल्याचे आढळले, आणि पुरेसे ऑक्सिडीकरण झाले की हिऱ्यातील कार्बन कार्बोनेट किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात निघून जाऊ शकतो. मात्र खूण पुसली गेली म्हणजे हिराही गेला, असे समजू नये. गार्नेट बदलण्यासाठी लागणारे कॅल्शियम आणि टायटॅनियम थोडक्या शिलारसातूनही मिळते. हिरा जाळण्यासाठी मात्र ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य भरपूर प्रमाणात आणि दीर्घकाळ आरपार जावे लागते. म्हणून केवळ गार्नेटच्या वर्गवारीवरून एखाद्या क्षेत्रावर फुली मारण्याआधी त्याच गार्नेटमधील टायटॅनियम, झिर्कोनियम आणि विरल मृदा मूलद्रव्ये मोजून, ते मुळातच लर्झोलाइटाचे होते की नंतर तसे झाले, हे तपासणे आवश्यक आहे.